नंतर सांगते

श्रीपाददादा,

काल तुमचा तेरावा झाला. चिक्कडपल्लीच्या तुमच्या घरी इतकी माणसं आली की चपला जिना उतरून रस्त्यापर्यंत पोचल्या होत्या. त्यात माझी एक चप्पल गेली. एकच! तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "अगं, मग दुसरी पण ठेवून ये तिथं, चोर बिचारा परेशान असेल." शेवटी वहिनींच्या चपला घालून मी अंबरपेठेला परत आले. मला त्या दोन बोटं मोठ्या होतात. आत्ता दारातच आहेत, आणि त्या द्यायला मला जायचंच आहे, कारण वहिनींना एक गोष्ट सांगायची राहिली. खरं म्हणजे ती तुम्हालाच सांगायची होती. इतकी वर्षं ऑफिसात रोज समोरासमोर बसलो आपण, आणि मी रोज मनात म्हणत राहिले, नंतर सांगते.

हे लिहून झालं की मी माझ्या भाचीला वाचून दाखवणार आहे. ती मराठी फडाफडा बोलते, पण वाचायला दिलं की 'ळ' आला रे आला, अडली. म्हणून तुम्हाला तोंडपाठ असलेल्या गोष्टीही मला पहिल्यापासून सांगाव्या लागणार. सहन करा. एरवी तुम्ही मध्येच तोडून म्हणाला असतात, "थांब, पुढचं मी सांगतो." आता तुमची ती सोय गेली. पहिल्यांदाच माझं बोलणं शेवटापर्यंत जाणार आहे आणि मला ते मुळीच आवडत नाहीये.

नारायणगुड्याला कापडाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आपलं ऑफिस होतं. तेव्हा हैदराबादेत गल्लीगल्लीत कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. ज्याला विचारावं तो एकतर अमेरिकेला चालला होता, नाहीतर त्याचा भाचा चालला होता. आमच्या घरी मात्र उलटी हवा. बाबांच्या सरकारी कारखान्यातून माणसांना हात जोडून घरी पाठवायचं चाललं होतं आणि पुढच्या यादीत बाबांचं नाव असणार हे सगळ्यांना कळलेलं होतं. दोन भावंडं शिकत होती. त्यामुळे मला मिळालेली ती सहा महिन्यांच्या बोलीची नोकरी म्हणजे आमच्या घराचा एकुलता एक खांब होता. पहिल्या दिवशी मी तुम्हाला "गुड मॉर्निंग सर" म्हटलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "सर नक्को. इथं सगळेच सर आहेत. तू मराठी ना? अंबरपेठची? मग दादा म्हण आणि त्या खुर्चीवर बसू नको, तिचा पाय मोडलाय." तोवर मी बसले होते.

आपलं काम काय, तर परदेशातल्या एका कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहायचे आणि ते बरोबर चालतात का ते तपासायचं. ते प्रोग्रॅम डिरेक्टरी सर्व्हरशी बोलायचे. भाचीबाई, डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या माणसांची नावनिशी सांभाळणारा कॉम्प्युटर. कोण कुठल्या खात्यात, कुणाचा पासवर्ड काय, सगळं त्याच्यापाशी. तुम्ही मेल उघडा, प्रिंटर चालवा, आधी त्याला विचारलं जातं, हा माणूस आपला आहे का? तो हो म्हणाला तर पुढे. आता प्रोग्रॅम तपासायचा म्हणून खऱ्या नावनिशीत कुणी ढवळाढवळ करत नाही. म्हणून दादांनी एक युक्ती केली होती. प्रत्येक तपासणीच्या वेळी आपल्याच मशिनवर एक तात्पुरता डिरेक्टरी सर्व्हर उभा करायचा, त्यात माणसं भरायची, प्रोग्रॅमला प्रश्न विचारायला लावायचे, आणि उत्तरं मिळाली की सर्व्हर मोडून जागा झाडून साफ. पुढच्या तपासणीला पुन्हा नवा. हे सगळं आपोआप, दिवसातून शंभरदा. दादा त्याला मांडव म्हणायचे. "मांडव घातला का?" "हौ दादा, घातला." "पाहुणे जेवले का?" "जेवले." "मग उतरव." आमची तेलुगू पोरंसुद्धा एकमेकांना 'झाला का' म्हणून ओरडून विचारायला लागली होती, "मांडव अय्यिंदा?"

आणि त्या मांडवात भरायची माणसं! दुसऱ्या कुठल्या ऑफिसात टेस्ट वन, टेस्ट टू अशी नावं टाकून मोकळे झाले असते. तुम्हाला ते पटेना. "नावाला वास पाहिजे गं," म्हणायचात. सर्व्हरच्या तक्त्यात एक रकाना होता, कॉमन नेम. त्यात माणसाचं पूर्ण नाव लिहायचं असतं, हे जगाला माहीत होतं, तुम्हाला सोडून. तुम्ही अर्थ लावलात: कॉमन म्हणजे नेहमीचं, घरी हाक मारतात ते. मग वही घेऊन टेबलाटेबलापाशी गेलात. "घरी काय म्हणतात तुला?" सगळ्या ऑफिसची घरची नावं तुम्ही गोळा केलीत. आपले साहेब, रावगारू, सहा फूट उंच, मिशी अशी की समोरच्याला आपोआप उभं राहावंसं वाटे, त्यांचं घरचं नाव निघालं बुज्जी. म्हणजे आपल्याकडचं छकुलं. चिन्ना तिघे होते, त्यातले दोघे एकाच खात्यात, आणि एका खात्यात एकाच नावाची दोन माणसं सर्व्हर घेईना. तेव्हा तुम्ही एकाचं नाव केलंत पेद्दा चिन्ना, मोठा छोटा. त्या गोंधळातून आपल्या प्रोग्रॅममधली एक मोठी चूक सापडली, परदेशातल्या त्या कंपनीत आपलं काम बघणाऱ्या बाईंनी शाबासकी दिली, आणि मग काय विचारता! तुमची चूक होती हे तुम्ही मरेपर्यंत मान्य केलं नाहीत. मी म्हणायचे, दादा, कॉमन नेमचा अर्थ तो नाही हो. तुम्ही म्हणायचात, "पुस्तकात नसेल. तुला तुझी आई पूर्ण नावानं हाक मारते का? वैजयंती रामचंद्र म्हणून?" हा वाद अजून मिटलेला नाही, हे नोंदवून ठेवते.

स्वतःचं नाव तुम्ही वहीत सगळ्यात वर लिहिलं होतं. गुंडू. तेलुगूत गुंडू म्हणजे तुळतुळीत टक्कल, आणि तेव्हा तुमच्या डोक्यावर हे एवढं जंगल. पोरं पोट धरून हसली. पुढे हळूहळू तुम्ही नावाला जागलात, तो भाग वेगळा.

माझ्यापाशी आलात तेव्हा मी साफ नाही म्हटलं. "दादा, माझं नाही सांगणार."

"का गं?"

"नंतर सांगते."

"बरं," म्हणालात आणि वहीत खरंच तेच लिहिलंत. मांडवात माझं नाव पडलं 'नंतर सांगते'. नाव नंतर, आडनाव सांगते. मी चिडले, तुम्ही ते काढलं नाहीत. "तू सांग, मी लगेच बदलतो. तोवर हीच आमची पाहुणी."

आता ती दुपार. इथून पुढे मला हसत लिहिता येईल का बघते.

एका तपासणीत रावगारूंचं लांबलचक पूर्ण नाव अडत होतं. खऱ्या सर्व्हरवर ते कसं लिहिलंय ते बघावं म्हणून मी सेटिंगमधली एक ओळ बदलली, मांडवाऐवजी खऱ्या ऑफिसचा पत्ता घातला. तेव्हा मुख्य पासवर्ड सगळ्यांचा एकच, आणि तोही फळ्यावर लिहिलेला, त्यामुळे कुणी अडवणारं नव्हतं. बघितलं, डबा खायला गेले, हात धुऊन आले, आणि ओळ परत बदलायची विसरून सगळ्या तपासण्या सुरू केल्या. पहिली तपासणी झकास झाली. मग प्रोग्रॅमनं शिकवल्याप्रमाणे मांडव उतरवला. फक्त तो मांडव नव्हता. ऑफिसातली साठेक माणसं एका झटक्यात नावनिशीतून गेली. अकाउंट्सच्या बाई आतून ओरडल्या, पासवर्ड घेत नाहीये. मग दुसरीकडून. मग सगळीकडून.

तुम्ही उठून माझ्यामागे येऊन उभे राहिलात. माझ्या स्क्रीनवर ती ओळ होती. तुम्ही वाकलात, स्वतःच्या हातानं ती ओळ पहिल्यासारखी केलीत आणि हळूच म्हणालात, "ऊठ. पाणी पिऊन ये."

मी पाणी प्यायला गेले. तेवढ्यात रावगारू आले. "किसने किया?" तुम्ही म्हणालात, "मेरे से हुआ, सर. प्रोग्रॅम मेरा है." मी चार हातांवर उभी होते. माझ्या तोंडात पाणी होतं, म्हणून बोलता आलं नाही, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. दादा, पाण्याचा घोट गिळायला किती वेळ लागतो? मला बाबा दिसत होते, आणि कारखान्याच्या फाटकावर लावलेली यादी. मी गिळला तो घोट, आणि गप्प राहिले.

पुढची तर नुसती धमाल झाली. बॅकअपच्या टेपा काढल्या, तर सगळ्या कोऱ्या. रोज कुणीतरी इमानदारीनं टेप बदलत होतं, भरत कुणीच नव्हतं. सगळ्या माणसांची एकच यादी जगात शिल्लक होती, तुमची मांडवाची! तुम्ही तीच खऱ्या सर्व्हरमध्ये भरलीत. तासाभरात ऑफिस सुरू झालं, पण प्रत्येक जण घरच्या नावानं. आणि पासवर्ड सगळ्यांचा एकच, 'पौना', कारण चहा तुम्ही तोच पीत होतात, इराण्याकडचा, कडक आणि दुधाचा हात आखडता. नावं दुरुस्त करायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत परदेशी जेवढ्या मेल गेल्या त्या बुज्जीच्या, पेद्दा चिन्नाच्या आणि गुंडूच्या. तिकडच्या बाईंनी रावगारूंना आदरानं लिहिलं, डिअर मिस्टर बुज्जी. मला आलं, डिअर मिस सांगते. अय्याऽ, मी टेबलाखाली जाऊन हसले. हसता हसता रडले, ते तुम्ही पाहिलंत आणि उगीच पलीकडच्या खिडकीतून खाली बघत बसलात.

पण बाईंना ते फारसं हसण्यासारखं वाटलं नाही. त्यांच्या वरच्या साहेबांना तर मुळीच नाही. तुमचं अमेरिकेला जायचं नक्की झालं होतं, चेन्नैला व्हिसाची तारीखसुद्धा आली होती. आठवड्याभरानं रावगारूंनी तुम्हाला आत बोलावून सांगितलं, या वेळी राहू दे, श्रीपाद. तुमच्या जागी दुसरा गेला. तो तिकडेच राहिला, अंगण असलेलं घर बांधलं, दर दिवाळीला फोटो पाठवतो. पुढची वेळ काही आलीच नाही. मी सहा महिने पूर्ण केले, कायम झाले, भावंडं शिकली. बाबांचं नाव यादीत आलं तेव्हा आमच्या घरात रडारड झाली नाही, चहा झाला. तो चहा तुमचा होता, दादा.

तुम्ही मात्र कधी चकार शब्द काढला नाहीत. कुणी अमेरिकेचं विचारलं की म्हणायचात, "तिकडं चिक्कडपल्लीसारखी भाजी मिळते काय? मग कायकू जायचं?" मी दोनतीनदा सुरुवात केली, "दादा, त्या दिवशी..." तुम्ही लगेच, "घरचं नाव सांगणार असशील तर बोल, नाहीतर काम कर." मीही काम करायचे. सोपं होतं ते.

काल वहिनी वाढत होत्या. श्रीखंड वाढता वाढता सहज बोलल्या, "माळ्यावरची ती मोठी सूटकेस काढायला हवी. ह्यांच्या अमेरिकेची. जायचं नाही म्हटल्यावर आठ दिवस बोलले नव्हते गं माझ्याशी धड. नुसते सूटकेसकडे बघत बसायचे. मग नवव्या दिवशी उठले, तिच्यात गाद्यांच्या खोळी भरल्या आणि म्हणाले, चला, कामाला तरी आली." माझा घास हातातच राहिला. म्हणजे तुम्हाला जायचं होतं. भाजीबिजी सगळं थोतांड. मी म्हटलं, "वहिनी..." त्या म्हणाल्या, "काय गं? पुरी हवी?" आणि मी म्हटलं, "नंतर सांगते." कर्म माझं! या वयात, तुमच्या तेराव्याला, तुमच्याच ताटावर!

तेवढ्यात रावगारू काठी टेकत आले. आता मिशी पांढरी, आवाज तोच. तुमच्या फोटोसमोर उभे राहिले, हात जोडले, आणि मोठ्यानं म्हणाले, "गुंडू, बुज्जी वच्चिंदी." बुज्जी आलीये म्हणून. अख्खा हॉल हसला आणि मग बऱ्याच जणांनी डोळे पुसले. अहो, तुमच्या तेराव्याला लोकांनी दुसऱ्यांदा श्रीखंड मागितलं. तुम्हाला आवडलं असतं.

आणि एक राहिलंच. त्या नवव्या दिवशीच असणार, तुम्ही ऑफिसात येऊन मांडवाच्या प्रोग्रॅमला राखणदार बसवलात. म्हणालात, चूक माणसाची नसते, प्रोग्रॅमनं उतरवायच्या आधी विचारायला हवं होतं, हा मांडव आहे की खरं घर. मी विचारलं, "पण त्याला कळणार कसं?" तुम्ही माझ्याकडे बघून गालात हसलात. "नंतर सांगतो." त्यानंतर मी कधी आत डोकावून बघितलं नाही. चालतंय त्याला हात लावायचा नाही, हा आपल्या धंद्याचा पहिला नियम. ऑफिस नारायणगुड्याहून माधापूरला गेलं, कॉम्प्युटर चारदा बदलले, पोरं आली, गेली. तुमचा मांडव आणि तुमची नावं जशीच्या तशी राहिली. आता मात्र नवी पोरं म्हणतात, ही काय विचित्र नावं मॅडम, मशीनच हजार नावं बनवून देतं. उद्यापासून त्यांची नवी फाईल लागणार आहे. मी भांडले नाही. भांडायला समोर तुम्ही लागता.

म्हणून आज सकाळी घरी, चहा घेऊन बसले आणि तुमची जुनी फाईल शेवटची उघडली. सगळी होती. गुंडू, बुज्जी, चिन्ना, पेद्दा चिन्ना. आणि सगळ्यात खाली नंतर सांगते.

तर ऐका, दादा. ती ओळ मी बदलली होती. साठ माणसं मी पुसली. अमेरिका मी घालवली तुमची. तुम्हाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं की तुम्हाला ठाऊक आहे, आणि तरी ते माझ्या तोंडून यायला हवं होतं. आणि माझं घरचं नाव कुक्की. आजोबांनी ठेवलेलं, लाडानं. शाळेत एकदा बाबा फाटकातून "कुक्की!" म्हणून ओरडले आणि वर्गातल्या मुली वर्षभर माझ्यावर भुंकल्या. तेलुगूत कुक्क म्हणजे कुत्रा हो! एवढंच होतं. एवढंसं होतं, आणि ते लपवायला मी शिकले, म्हणून मोठंही लपवता आलं.

मी 'नंतर सांगते' पुसलं, तिथं 'कुक्की' लिहिलं, आणि तपासण्या सुरू केल्या. मांडव उभा राहिला. पाहुणे आले. प्रश्न झाले, उत्तरं बरोबर आली, सगळं हिरवं, म्हणजे पास. मग उतरवायची वेळ आली आणि प्रोग्रॅम थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत तुमचं मराठी उमटलं:

"नंतर सांगते भेटली नाही. म्हणजे हे खरं घर आहे. हात लावू नका."

आणि खाली आणखी एक ओळ:

"खात्री करून बघा. मांडवच निघाला, तर पोरीनं शेवटी सांगितलं. बरं झालं गं. माझा राग नव्हता."

हा तुमचा राखणदार! उतरवायच्या आधी तो माझं नाव शोधायचा. पत्ता चुकला तरी माणसं भरली जायची आपल्याच मशिनवर, तेव्हा ते खोटं नाव फक्त मांडवातच असणार, म्हणून ते सापडलं की खुशाल उतरवायचं, आणि नाही सापडलं की थांबायचं. रोज शंभरदा, इतकी वर्षं, तुमचा प्रोग्रॅम विचारत होता की ही सांगणार आहे का, आणि रोज शंभरदा त्याला उत्तर मिळत होतं, नंतर.

चहा गार झाला. मांडव अजून उभा आहे, मी उतरवला नाही. त्यात तुम्ही आहात, रावगारू आहेत, तिन्ही चिन्ना आहेत, आणि मी. पोरांना उद्या काय ते सांगेन. आत्ता उठले, दारातल्या वहिनींच्या चपला पिशवीत घातल्या, आणि निघण्याआधी त्यांना फोन लावला.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"वहिनी, मी कुक्की बोलतेय," मी म्हटलं. "येतेय तुमच्याकडे. एक सांगायचंय, आत्ताच."